नागिणीची लस आणि संगणकीय आरोग्य नोंदी : ग्रामीण दवाखान्यांसाठी कामाचा क्रम

वर्धा जिल्ह्यातील एका लहान विश्वस्त रुग्णालयात मी बाह्यरुग्ण विभाग सांभाळतो आणि तेथील संगणकीय नोंदींची जबाबदारीही माझ्याकडेच आहे. २०२४ च्या पावसाळ्यात आर्वीकडील एका खेड्यातून सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आमच्याकडे आल्या. उजव्या कपाळावर आणि पापणीवर नागीण उठली होती. गावात आठवडाभर काव आणि तुपाचा लेप चालला होता, कारण नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडले की माणूस जगत नाही, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग अधिक होतो. ती वेळ केव्हाच निघून गेली होती. पुरळ सुकले, वेदना मात्र राहिली. डोक्यावर पदर घेतला तरी कळ जायची. नागिणीवर लस असते हे कळल्यावर त्यांनी मला विचारले, "हे सुई आधीपासून होती म्हनता, तं मले कोनीच काऊन नाही सांगतलं?"

मी त्यांची जुनी नोंद उघडली. मधुमेह आणि रक्तदाबासाठी त्या जवळजवळ दर महिन्याला येत होत्या. प्रत्येक भेटीत वय, वजन, शुगर आणि बीपी व्यवस्थित भरलेले होते. लसीविषयी विचारायला रकानाच नव्हता, म्हणून कोणी विचारलेही नव्हते. त्यानंतर आम्ही नोंदींमध्ये जे बदल केले, ते करताना ज्या चुका झाल्या आणि ज्यातून शिकलो, ते सर्व येथे क्रमाने मांडत आहे. विदर्भातील ग्रामीण रुग्णालयांत, विश्वस्त संस्थांत किंवा तालुक्याच्या खासगी दवाखान्यांत हे काम नव्याने सुरू करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका आणि नोंदणी कर्मचाऱ्यांसाठी हा लेख आहे.

आधी लसीविषयी आवश्यक तेवढे

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो आणि वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती घटली की तोच नागिणीच्या रूपाने परत उठतो. शिंग्रिक्स ही त्यावरील लस भारतात एप्रिल २०२३ मध्ये उपलब्ध झाली. ती ५० वर्षे व त्यापुढील व्यक्तींसाठी असून दंडाच्या स्नायूत द्यायची असते. तिच्या दोन मात्रा २ ते ६ महिन्यांच्या अंतराने घ्याव्या लागतात. मूळ चाचण्यांत पन्नाशीपुढील लोकांमध्ये सुमारे ९७ टक्के आणि सत्तरीपुढील लोकांमध्ये सुमारे ९० टक्के संरक्षण दिसले. या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे मधुमेही किंवा स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णांनाही ती देता येते. आधी नागीण होऊन गेली असली तरी लस घेता येते, फक्त चालू नागीण पूर्ण ओसरू द्यावी.

ही लस शासनाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. एका मात्रेला दहा हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक खर्च येतो. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे त्या भावाने दोन मात्रांसाठी जवळपास तीन क्विंटल कापूस विकावा लागे. ही गोष्ट डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचे सर्व टप्पे वाचावेत. पैसे नसलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा आठवण करून देणारी यंत्रणा उभी राहिली, तर आपण त्याला मदत करत नाही, त्रास देत असतो.

सुरुवातीला हाताशी काय असावे

- रुग्णालयाच्या संगणक प्रणालीत रकाने वाढवण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार असलेली व्यक्ती. बहुतेक ठिकाणी काम येथेच अडते, म्हणून ती व्यक्ती कोण, हे पहिल्याच दिवशी शोधावे.
- रुग्णालयाची आरोग्य सुविधा नोंदणी आणि डॉक्टरांची आरोग्य व्यावसायिक नोंदणी. आयुष्मान भारत डिजिटल अभियानाशी, म्हणजे देशभरातील आरोग्य नोंदी एकमेकांना जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या उपक्रमाशी, नोंदी जोडायच्या असतील तर ही दोन्ही लागतात.
- रुग्णाच्या वयाचा एक पुरावा : आधार कार्ड, मतदार ओळखपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला.
- पूर्वी घेतलेल्या लसींचे कार्ड किंवा पावती, असल्यास.
- रुग्णाची संमती आणि डॉक्टरांची लेखी चिठ्ठी.
- २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान राखणारा फ्रीज, तापमापक आणि वीज गेल्यास पर्यायी सोय.

१. आपल्याकडे कोणती प्रणाली आहे, ते नीट पाहा

काही ठिकाणी सी-डॅक या शासकीय संस्थेची ई-सुश्रुत ही रुग्णालय प्रणाली असते, काही सेवाभावी संस्था बहमनीसारखी मुक्त-स्रोत प्रणाली वापरतात आणि तालुक्याच्या अनेक दवाखान्यांत केवळ बिल काढण्याचे सॉफ्टवेअर किंवा एक्सेलची फाइल असते. एक्सेल आहे म्हणून मागे हटू नये. पुढील जवळजवळ सर्व टप्पे नीट ठेवलेल्या एक्सेल फाइलमध्येही पार पडतात. मात्र त्या फाइलला पासवर्ड हवा आणि तिची प्रत रोज दुसऱ्या ठिकाणी जतन झाली पाहिजे.

ज्या भागात इंटरनेट दिवसातून अनेकदा जाते, तेथे प्रणाली रुग्णालयातील सर्व्हरवर चालते की पूर्णपणे इंटरनेटवर अवलंबून आहे, हे आधी विचारून घ्यावे. जाळे नसताना कागदावर लिहून ठेवलेली नोंद संध्याकाळी कोण चढवणार, त्या माणसाचे नाव ठरलेले असावे. "नंतर भरू" असे म्हणून राहिलेली नोंद सहसा भरली जात नाही.

२. वय आणि ओळख स्वच्छ करा

हा टप्पा कंटाळवाणा आहे, तरी सर्वाधिक वेळ त्यालाच द्यावा. आपल्याकडील वयस्कर मंडळींच्या कागदपत्रांवर जन्मतारीख म्हणून १ जानेवारी, १ जून किंवा १ जुलै फार मोठ्या प्रमाणात आढळते, कारण ती कोणीतरी अंदाजाने लिहिलेली असते. प्रणालीत ती खरी तारीख म्हणून बसते आणि एखाद्या तारखेला अचानक शेकडो माणसे यादीत येतात. आम्ही "जन्मतारीख अंदाजे" असा वेगळा खूण-रकाना जोडला. वय शंकास्पद असेल तर नातवंडांची वये, लग्नाचे वर्ष किंवा एखादा मोठा दुष्काळ आठवतो का, असे विचारून वयाचा अंदाज घ्यावा आणि तो कसा घेतला, तेही लिहावे.

दुसरी अडचण एकाच माणसाच्या अनेक नोंदींची. केसपेपर हरवला की नवा निघतो. एकदा "शांताबाई", पुढच्या वेळी "शांता", नंतर नवऱ्याच्या नावाऐवजी वडिलांचे नाव लागते आणि एका आजीच्या तीन नोंदी तयार होतात. पहिली मात्रा एका नोंदीत आणि दुसरी दुसऱ्या नोंदीत गेली, तर यंत्रणेच्या दृष्टीने दोन्ही नोंदी अपूर्ण राहतात. आभा क्रमांक, म्हणजे १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांक, येथे फार उपयोगी पडतो. एकदा तो जोडला की नावाच्या लेखनातील फरकाने बिघडत नाही. तो काढणे ऐच्छिक आहे आणि तो नाही म्हणून कोणाची नोंद किंवा उपचार अडवू नयेत.

येथे एक सापळा आहे. अनेक ज्येष्ठ नागरिक आभा क्रमांक आणि आयुष्मान कार्ड एकच समजतात आणि लस मोफत मिळणार या आशेने येतात. आभा ही केवळ ओळख आहे. ७० वर्षे व त्यापुढील सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेले वय वंदना कार्ड वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. दवाखान्यात येऊन घेतलेल्या या लसीचा खर्च त्यातून निघत नाही. हे नोंदणीच्या खिडकीवरच सौम्य शब्दांत सांगावे. आत डॉक्टरांपर्यंत पोहोचल्यावर कळले की माणूस खट्टू होतो आणि त्यात त्याची चूक नसते.

३. लसीसाठी स्वतंत्र रकाने तयार करा

"रुग्णाला लसीविषयी सांगितले" असे मोकळ्या मजकुरात लिहिलेले वाक्य पुढे शोधता येत नाही. निवडीचे रकाने हवेत : लसीचे नाव, मात्रा पहिली की दुसरी, तारीख, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, डावा की उजवा दंड, देणाऱ्याचे नाव, आणि लस येथे दिली की बाहेर. बाहेर घेतलेल्या लसीची नोंद करण्याची सोय नसेल, तर नागपूरला मुलाकडे राहून मात्रा घेऊन आलेला माणूस आपल्या यादीत कायम "बाकी" दिसत राहतो.

लसीचे नाव निवडताना विशेष काळजी घ्यावी. यादीत "व्हेरिसेला" आणि "झोस्टर" ही नावे एकाखाली एक असतात. पहिली कांजिण्यांची जिवंत विषाणूची लस आहे, दुसरी नागिणीची. घाईत चुकीची ओळ निवडली जाते, आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही गफलत प्रत्यक्ष लस देण्यापर्यंत गेली तर ती धोक्याची ठरते. आम्ही प्रौढांच्या पडद्यावर "झोस्टर"च्या ओळीपुढे कंसात मराठीत "नागीण" असे लिहून घेतले.

याच लसीची आणखी एक खासियत नोंदीत उतरली पाहिजे. ती दोन कुप्यांत येते : एकीत पावडर आणि दुसरीत द्रव. द्रव पावडरमध्ये मिसळूनच लस तयार होते. केवळ द्रवच टोचला जाण्याच्या चुका इतरत्र घडलेल्या आहेत. म्हणून "दोन्ही कुप्या मिसळल्या" अशी खूण केल्याशिवाय नोंद पुढे सरकू नये, अशी व्यवस्था करावी. मिसळल्यानंतर लस लगेच द्यावी. काही कारणाने थांबावे लागलेच तर ती २ ते ८ अंशांत ठेवून ६ तासांच्या आत वापरावी, नाहीतर टाकून द्यावी.

आता सर्वांत महत्त्वाचा रकाना : लस घेतली नाही, तर का? सुरुवातीला आमच्याकडे "होकार" आणि "नकार" एवढेच दोन पर्याय होते. महिन्याअखेर यादी पाहिली, तर "नकार"चीच रांग. मी सिस्टरांना विचारले तेव्हा कळले, की बहुतेकांनी लस नाकारली नव्हती. "कापूस विकला की पाहू", "पोराले विचारतो" किंवा "आता ताप आहे" असे म्हटले होते. यंत्रणेने त्या सर्वांना एका शब्दात बंद करून टाकले होते. आता आमच्याकडे पाच पर्याय आहेत : घेतली, घरी विचारून सांगणार, सध्या पैशाची अडचण, प्रकृतीमुळे पुढे ढकलली, आणि नको आहे. "नको आहे" म्हणणाऱ्याला वर्षभर कोणी विचारत नाही. "पैशाची अडचण" म्हणणाऱ्याला केव्हा विचारायचे, ते त्याच्याशीच ठरवून महिना लिहितो. लिहिलेला महिना येईपर्यंत यंत्रणा गप्प राहते.

४. यादी काढा, पण ती सर्वांची नको

सुरुवातीची यादी साधी ठेवावी. वय ५० पूर्ण, नागिणीच्या लसीची एकही नोंद नाही, आणि गेल्या १२ महिन्यांत निदान एकदा दवाखान्यात भेट. त्यातही आधी कोणाशी बोलायचे, याचा क्रम लावावा. आम्ही साठीपुढील मधुमेही, जुनाट श्वसनविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, तसेच संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे रुग्ण प्रथम घेतले. कर्करोगाचा उपचार सुरू होणार असेल, तर शक्य तेथे त्याआधीच लस व्हावी, म्हणून अशा रुग्णाविषयी त्याच्या तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलावे. अशांसाठी दोन मात्रांतील अंतरही कमी करता येते.

पूर्वी नागीण झालेल्यांच्या नोंदी निदानाच्या संकेतावरून सापडतात; आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत नागिणीचा संकेत बी-०२ असा आहे. आपल्याकडे मात्र निदानाच्या जागी "नागीण", "नागिन", "हर्पीस" असे काहीही लिहिलेले असते, तेव्हा शोध घेताना हे सर्व शब्द घालावेत.

यादीतून मृत व्यक्तींची नावे काढल्याशिवाय एकही फोन करू नये. आमच्याकडून ही चूक झाली. एका घरी फोन लावला आणि "बाबाजींना लसीसाठी घेऊन या" असे सांगितले. पलीकडून सून काही बोलली नाही, मग हुंदका ऐकू आला. बाबाजींना जाऊन तीन आठवडे झाले होते आणि ते गेले दुसऱ्या रुग्णालयात, त्यामुळे आमच्या नोंदीत ते जिवंत होते. तेव्हापासून फोन करण्यापूर्वी त्या गावच्या आशाताईंना किंवा आमच्या गाव-कार्यकर्त्याला एकदा विचारतो. फोनवरही आधी "घरी सगळे बरे आहेत ना?" असे विचारून मगच विषय काढतो.

५. सूचना योग्य टेबलावर दिसू द्या

बहुतेक प्रणालींत सूचना डॉक्टरांच्या पडद्यावर उमटते. सकाळच्या ओपीडीत डॉक्टरांसमोर शंभर माणसे रांगेत असतात. औषधांच्या परस्परक्रियांच्या आणि तपासण्यांच्या सूचनांनी पडदा आधीच भरलेला असतो. चौकट उमटते, हात सवयीने ती बंद करतो. आम्हीही पहिले दोन महिने असेच घालवले.

मग ती सूचना आम्ही बीपी-शुगर मोजणाऱ्या सिस्टरांच्या टेबलावर नेली. तेथे रुग्ण बसलेला असतो, दंडाला पट्टा बांधलेला असतो, दोन मिनिटे निवांत असतात आणि सिस्टर त्याच्याच बोलीत बोलतात. त्या विचारतात, उत्तराचा रकाना भरतात, आणि होकार असेल तर केसपेपरवर शिक्का मारतात. डॉक्टरांनी तो शिक्का पाहून रुग्णाची योग्यता तपासायची आणि चिठ्ठी लिहायची. कोणाला विचारायचे आणि कोणाला विचारायचे नाही, याच्या लेखी सूचना डॉक्टरांच्या सहीने त्या टेबलावर लावलेल्या असाव्यात. तीव्र ताप, चालू नागीण किंवा लसीच्या घटकांची पूर्वी झालेली गंभीर ॲलर्जी ही थांबण्याची कारणे त्यात स्पष्ट लिहावीत.

एका भेटीत एकदाच विचारावे. त्याच दिवशी नोंदणी खिडकी, सिस्टर आणि डॉक्टर या तिघांनी विचारले, की रुग्णाला दवाखाना काही विकायला बसला आहे असे वाटते.

६. समजावताना "नागीण" म्हणा, आणि उरलेलेही सांगा

"हर्पीस झोस्टर" म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांत ओळख दिसत नाही. "नागीण" म्हटल्यावर प्रत्येकाला कोणीतरी आठवते. तोंड-शेपटाच्या समजुतीवर हसू नये. त्या भीतीमागे वेदनेचा खरा अनुभव आहे. नागीण शरीराच्या एका बाजूलाच एका मज्जातंतूच्या पट्ट्यात उठते, म्हणून ती सहसा कमरेला वेढा घालत नाही, एवढे बोट फिरवून दाखवले की लोक लक्ष देऊन ऐकतात.

त्रासही आधीच सांगावा. दंड दुखतो, अंग मोडून येते, थकवा आणि ताप येऊ शकतो, आणि हे साधारण दोन-तीन दिवसांत ओसरते. कापूस वेचणीच्या किंवा पेरणीच्या ऐन दिवसांत मजुरी बुडणार असेल, तर माणसाला हे आधी कळण्याचा हक्क आहे. ज्याला हे सांगितलेले नसते, तो दुसऱ्या मात्रेला परत येत नाही. लस दिल्यावर निदान १५ मिनिटे बसवून ठेवावे आणि काही त्रास झाला तर तो नोंदीत लिहावा. दुसऱ्या मात्रेच्या वेळी तीच नोंद कामी येते.

७. दुसरी मात्रा : खरी गळती येथे होते

पहिली मात्रा देताच दुसरीची सर्वांत लवकरची आणि सर्वांत उशिराची तारीख प्रणालीने आपोआप काढावी. १५ डिसेंबरला पहिली दिली, तर दुसरी १५ फेब्रुवारी ते १५ जून या काळात येते. आपल्याकडे हा हिशेब हंगामाशी जोडावा लागतो. कापसाचे पैसे हातात येतात ते डिसेंबर-जानेवारीत, म्हणून पहिली मात्रा बरेचदा तेव्हाच घेतली जाते. एप्रिल-मे मध्ये विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, वयस्कर माणूस भर उन्हात एसटीने येत नाही आणि येऊही नये. जूनमध्ये पेरणी असते. म्हणून आम्ही आठवणीची तारीख फेब्रुवारीच्या शेवटापासून होळीपर्यंत ठेवतो. सहा महिने उलटून गेले तरी निराश होऊ नये. पहिली मात्रा वाया जात नाही, पुन्हा सुरुवात करावी लागत नाही, शक्य तितक्या लवकर दुसरी द्यावी.

आठवणीचा संदेश कोणाच्या मोबाइलवर जातो, हे तपासा. नोंदीतला क्रमांक पुष्कळदा पुण्याला किंवा नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलाचा असतो. संदेश त्याच्याकडे जातो आणि आईला कळत नाही. आम्ही दोन क्रमांकांचे रकाने केले : एक रुग्णाच्या घरचा, दुसरा खर्चाचा निर्णय घेणाऱ्याचा. रुग्णाची परवानगी घेऊन दोघांनाही कळवतो. घरी फोनच करावा, कारण इंग्रजीतील एसएमएस आजी वाचत नाहीत. आणि तो सकाळी शेतावर जाण्याआधी किंवा दिवेलागणीनंतर करावा.

८. फ्रीज आणि वीज यांचीही नोंद हवी

लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे आणि ती गोठता कामा नये. गोठलेली लस वापरायची नसते. तापमान दिवसातून दोनदा लिहावे, रविवारीही. वीज गेलेली आणि आलेली वेळ लिहावी. लहान दवाखान्याने साठा करूच नये, असे माझे मत आहे : चार-पाच रुग्णांचा एक दिवस ठरवून तेवढ्याच मात्रा मागवाव्यात आणि त्याच दिवशी द्याव्यात.

९. गोपनीयता सांभाळा

गावात कोणाला कोणता आजार आहे, हे कळायला वेळ लागत नाही. नावांची यादी भिंतीवर लावू नये, व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नये. गाव-कार्यकर्त्याला केवळ "या व्यक्तीने दवाखान्यात भेटावे" एवढेच सांगावे, आजाराचा उल्लेख नको. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच. पण त्याआधी, ज्या आजींनी आपल्यावर विश्वास ठेवून सर्व सांगितले, त्यांचा मान राखायचा असतो. प्रत्येक कर्मचाऱ्याचा पासवर्ड वेगळा असावा आणि नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा.

१०. महिन्यातून एकदा चार आकडे काढा

यादीतील किती जणांना विचारले गेले, किती जणांनी पहिली मात्रा घेतली, ज्यांची दुसरीची मुदत आली त्यांपैकी किती जणांनी ती घेतली, आणि किती जण पैशाअभावी थांबले आहेत. पहिला आकडा कमी असेल तर चूक आपली आहे, रुग्णांची नाही. चौथा आकडा विश्वस्तांसमोर किंवा मदत करू इच्छिणाऱ्या संस्थांसमोर ठेवता येतो. नुसते "लोक घेत नाहीत" असे सांगितल्याने कोणीही निधी देत नाही.

रुग्णाच्या हातात मात्र छापील कार्ड द्यावेच. त्यावर लसीचे नाव, दोन्ही मात्रांच्या तारखा, बॅच क्रमांक आणि दवाखान्याचा शिक्का असावा. आभा जोडलेले असेल तर लसीकरणाची नोंद तेथेही पाठवावी. कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून द्यावे. आजी ते बटव्यात किंवा डब्यात ठेवतात, आणि पुढे मुलाकडे किंवा लेकीकडे राहायला गेल्या तर तेथील डॉक्टरांना तेच दाखवतात.